पट्ट्या धुण्याचं काम

माझी मुलगी तापाने गेली तेव्हा आम्ही भोरला राहत होतो. नुकते तिचे दात यायला लागले होते. यजमान मिशनच्या शाळेत मास्तर. तिला माती देऊन आलो, त्या संध्याकाळी त्यांनी रोजच्यासारखी प्रार्थना केली. मी शेजारी डोळे मिटून बसले, पण आत काहीच उमटेना. पुढे कितीतरी दिवस तसंच चाललं. रविवारी उपासनेत गीत सुरू झालं की माझे ओठ हलत, आवाज निघत नसे. यजमानांच्या ते लक्षात आलं होतं. त्यांनी कधी टोकलं नाही.

घरात बसवेना म्हणून मी मिशनच्या दवाखान्यात काम मागितलं. नर्सबाईंनी पट्ट्या माझ्याकडे सोपवल्या. रक्तापुवाने भरलेल्या पट्ट्या गार पाण्यात भिजवायच्या, चोळायच्या, मोठ्या पातेल्यात उकळायच्या आणि उन्हात वाळवून गुंडाळून ठेवायच्या. मन लागायचं नाही, पण हात गुंतून राहायचे.

त्या उन्हाळ्यात गुंजवणे गावची एक बाई बैलगाडीतून आली. शेतात भाताच्या रोपांसाठी राब, म्हणजे पालापाचोळा पसरून जमीन, भाजताना वारा फिरला आणि तिच्या लुगड्याने पेट घेतला. आग विझवताना दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. नवऱ्याने भाकऱ्यांचं गाठोडं तिच्या उशाशी ठेवलं आणि तो शेताकडे परतला. नर्सबाईंबरोबर मी तिचे हात धुतले, पट्ट्या बांधल्या. तिने ओठ चावून सगळं सोसलं. जेवणवेळी मी गाठोडं सोडायला वाकले, तशी ती मागे सरली.

"बाई, वाईट वाटून घिऊ नगा. तुमी किरिस्तावाच्या. तुमच्या हातचं म्या खानार न्हाई."

"मग भरवणार कोण तुम्हाला?"

"न्हाई तर न्हाई. ऱ्हाईन तशीच."

मला संताप आला. तिच्या जखमेला माझा हात चालत होता, आणि तिच्याच घरच्या भाकरीला चालत नव्हता! तणतणत मी चुलीपाशी आले. पण पातेल्यातलं पाणी उकळेपर्यंतही तो राग टिकला नाही. बाई उपाशी होती, एवढंच समोर उरलं. जळतं लाकूड मागे ओढलं आणि मी बाजाराच्या वाटेला लागले.

तिथे भाजी विकणारी एक मराठ्याची बाई माझ्या ओळखीची होती. तिला सगळं सांगितलं.

"भरवते की, त्यात काय," ती म्हणाली. टोपली शेजारणीच्या हवाली करून, तान्ही मुलगी कडेवर घेऊन ती माझ्याबरोबर निघाली. दवाखान्याच्या ओसरीवर मात्र ती थबकली. "हिला कोन बघंल?"

माझ्या घरात काय झालं होतं, ते तिला ठाऊक होतं. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पोर पुढे केली.

"अहो, विटाळ…" मी पुटपुटले.

"लेकराला कसला आलाय इटाळ? धरा."

ती आत गेली. मी ओसरीवर बसले. पोर आधी रडली, मग माझ्या पदराचा काठ चोखत माझ्या खांद्यावर झोपली. ते ऊबदार, घामेजलेलं डोकं मानेला टेकलं आणि माझ्या तोंडून "प्रभू" एवढंच निघालं. आभाराने की तक्रारीने, आजही सांगता यायचं नाही. पण कुणीतरी ऐकतंय, असं मुलगी गेल्यापासून पहिल्यांदाच वाटलं.

मग हे रोजचंच झालं. ती घरून भाकरी आणून आत कुस्करून भरवायची, मी बाहेर मूल सांभाळायची. मूल झोपलं की माझं मनातल्या मनात बोलणं चालायचं. कधी भांडणसुद्धा.

गुंजवण्याच्या बाईच्या हातांच्या जखमा भरून आल्या. दोन बोटं तेवढी वाकडी राहिली. नवरा न्यायला आला. गाडीत बसताना ती म्हणाली, "लई केलंत बाई. तुमच्या देवाला माजा नमस्कार सांगा."

गाडी गेल्यावर मी चुलीपाशी जाऊन, पट्ट्या ढवळता ढवळता, मोठ्याने तो नमस्कार सांगितला. मागे नर्सबाई उभ्या होत्या. त्या तशाच परत फिरल्या.

मुलीचं दुःख गेलं नाही. ते जाईल असंही मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे बरीच वर्षं मी दवाखान्यात होते. पट्टी चोळताना ती कुणाच्या जखमेवरची, ते आठवायचं आणि त्याच्यासाठी देवाशी बोलायचं, ही सवय लागली. बहुतेकांची नावं मला माहीत नसायची. त्यावाचून काही अडलं नाही.