वाशीतली शेवंती

चांगुणाबाईला चौकशीची खोड फार. १९७९ साली वाशीच्या नव्या बिल्डिंगीत तळमजल्यावर राहायला आली, तर कुणाच्या नळाला किती पाणी येतं हे वॉचमनच्या आधी हिला ठाऊक. माणसांची तशीच मातीची चौकशी. दारापुढं भरणीचा तांबूस मुरूम होता, तो पायानं उकरून ती नाक मुरडायची. फलटणकडची बाई ती. माती म्हणजे काळी, बाकी सगळी धूळ.

त्याच उन्हाळ्यात गावाकडं तिची आई गेली. धाकट्या भावानं, वामननं, दिवसकार्य उरकलं आणि परसात सिमेंटची मोरी बांधायला काढली. आड येत होती आईची शेवंती. ती उपटून त्यानं काश्या, म्हणजे मुळांसकट निघालेले फुटवे, ओल्या गोणपाटात गुंडाळून एका गाववाल्याबरोबर पाठवल्या. उघडी मुळं बघून चांगुणाबाईनं आधी त्यांवर पाणी शिंपडलं. आईच्या हातचं आता एवढंच उरलं होतं. हे गेलं की संपलं. मनातल्या मनात तिनं वामनची चांगली हजेरी घेतली.

"मुरमात लावू? खुळी का मी?" म्हणत तिनं नवऱ्याला, सीतारामला, पोतं देऊन खाडीकडं पिटाळलं. तिथं काळीभोर माती तिनं येताजाता हेरून ठेवली होती. सीताराम बिचारा घामाघूम होऊन घेऊन आला. तिनं वाफा केला, काश्या लावल्या, पाणी घातलं.

पानांच्या कडा करपायला लागल्या. दृष्ट लागली म्हणावं तर बघायला होतं कोण? ऊन म्हणावं तर सावली केलेली. ती सकाळ-संध्याकाळ वाफ्याशी उकिडवी बसायची. माती वाळली की वर पांढुरकं काहीतरी धरायचं. हे काय असेल? एकदा राहवेना, तिनं बोट लावून चाटलं. खारट!

मासळी घेऊन येणारी केशरबाई जवळच्या गावातली. माती खाडीची हे कळताच ती पाटी उतरवून पोट धरून हसली. "अगो बाय, थं आमी मीठ पिकवतो, फुलां नाय!"

चांगुणाबाईलाही हसू आलं, पण लगेच ती वाफ्याकडं धावली. तिनं सगळ्या काश्या उपसल्या, मुळं बादलीत पुन्हा पुन्हा खळबळली. बहुतेक काळी पडली होती. एकीचं तेवढं बूड हिरवं होतं. ते तिनं निमूटपणे मुरमात लावलं, शेणखत घालून.

ते जगलं. पहिल्या वर्षी नुसती पानं, पण बुडाशी नवे फुटवे आले. पुढच्या दिवाळीत पिवळी फुलं धरली. तिनं एकही तोडू दिलं नाही, देवालासुद्धा नाही.

भाऊबीजेला वामन आला. चांगुणाबाईनं त्याच्यासाठी शिव्यांची शिदोरी बांधूनच ठेवली होती. पण तो घरात येईना. वाफ्यापुढंच उभा राहिला.

"आक्का," तो खाली मान घालून म्हणाला, "तिकडं एक बी ऱ्हायली न्हाई गं. मोरी बांधली, पन परसात जाववत न्हाई. एखादा फुटवा देशील?"

ती वाफ्याशी आली. खुरपं घेऊन बसली, अर्धे फुटवे मुळांसकट काढले, ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच्या ओंजळीत ठेवले. मोठी बहीण म्हणून तो पाया पडला.

"लागली की कळव," एवढंच ती म्हणाली. ओवाळून घेऊन तो वळणाआड गेला तेव्हा ती उंबऱ्यातच बसली, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी रडली.