दहा चकत्यांचं उत्तर

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड वसतिगृहाच्या चौकीदाराने माझ्या हातात दिलं, तेव्हा मी प्रयोगशाळेतून जेवायला चाललो होतो. कोपरा फाडलेला असला की कोणीतरी गेलं हे वाचण्याआधीच कळतं. आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, काही असेल म्हणून मी उभ्या उभ्याच ते वाचायला घेतलं. पण अक्षर परकं होतं. वडूजकडच्या एका शाळामास्तरांनी लिहिलं होतं, की हणमंतराव माने गेले. बर्म्यातून आणलेला हिवताप पुन्हा उलटला, तीन दिवस शुद्ध नव्हती. त्यांच्या वहीत आपला पत्ता सापडला म्हणून कळवतो. मी कार्ड खिशात घातलं आणि जेवायला गेलो. जेवलोही. खोलीवर येऊन दार लावल्यावर मात्र... असो. या गोष्टीला आता सव्वा महिना झाला. हणमंताविषयी चार चांगले शब्द लिहिणारी माणसं त्याच्या गावात पुष्कळ असतील. मला जे लिहायचं आहे ते दुसरं कोणी लिहू शकणार नाही, म्हणून बसलो आहे.

आमची सांगलीला हळदीची पेढी. लढाई संपून वर्ष झालं होतं आणि मी इंटरला होतो. मुंबईच्या एका विज्ञानसंस्थेत पदार्थविज्ञानाच्या वर्गासाठी प्रवेशपरीक्षा असे. तिच्यात गणिताची पत्रिका वेगळी, आणि तीच भल्याभल्यांना घरी पाठवते अशी तिची ख्याती. मी पेढीच्या माडीवर, हळदीच्या पोत्यांना टेकून, टेकडीच्या उंचीचं एक उदाहरण तासभर घोळवत होतो. पलूसहून हळद घेऊन आलेला एक गडी आण्णांची वाट बघत शेजारी उभा होता. खाकी अर्धी चड्डी, वर घरचं मुंडासं, उजव्या कानाखाली भाजल्याचा डाग. तो वाकून बघत म्हणाला, "काय मास्तर, डोंगराची उंची काढताय व्हय? ह्यो खालचा कोन घ्या की आधी." आणि माझ्या हातातली पेन्सिल घेऊन त्याने ते चार ओळींत सोडवलं. मी तोंडाकडे बघत राहिलो तेव्हा हसला. "तोफखान्यात हुतो. बर्म्यात आमी रोज ह्येच करायचो. फकस्त डोंगरावर जपानी असायचा."

तो सहा-सात वर्षांनी मोठा. गाव वडूजच्या पुढे, कोरडवाहू. साताऱ्याला बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाला आणि पलटणीत गेला. परत आल्यावर पलूसला मामाच्या मळ्यावर होता. लढाईवरून आलेल्यांना इंटर नसलं तरी ती परीक्षा देता येत होती, हे मीच त्याला सांगितलं. त्याने मुंडासं काढून हातात घेतलं. मग म्हणाला, "मी बसू शकतो? मी?" दुसऱ्या आठवड्यापासून तो सायकलीवरून सांगलीला येऊ लागला. आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, तोवरच आमची शाळा चालायची. पुस्तक एकच, माझं, जाड इंग्रजी. त्याचं इंग्रजी पलटणीतलं, हुकूम घेण्यापुरतं; म्हणून मी वाचायचं, मराठीत सांगायचं आणि त्याने वहीत सोडवायचं. मी त्याला अहोजाहो करायचो, तो मला अरेतुरे. पण हाक मात्र 'मास्तर'. सुरुवातीला त्यात थट्टा होती. पुढे राहिली नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं आणि आवडलंही होतं.

अर्जाला मॅट्रिकचा दाखला हवा म्हणून आम्ही दोघं साताऱ्याला गेलो, तो दिवस मला सर्वांत जास्त आठवतो. दाखला दुपारी मिळणार होता. तोवर त्याने पोवई नाक्याजवळ रस्त्यात उभं राहून, माझ्या कंपासपेटीतला कोनमापक आणि दोऱ्याला बांधलेली किल्ली घेऊन, अजिंक्यताऱ्याची उंची काढली. पावलं मोजत मागे सरकताना एका टांगेवाल्याच्या अंगावर गेला. टांगेवाला ओरडला, "आरं, डोळं फुटलं काय?" हा म्हणाला, "न्हाई गड्या, कामात हाईत." मग एका कठड्यावर बसून आम्ही भाकरी खाल्ली, आणि त्याने मला पहिल्यांदा सांगितलं, त्याला हे शिकायचं कशासाठी होतं ते. तोफेजवळ कोष्टकांचं एक पुस्तक असायचं. एवढं अंतर असलं तर नळी इतकी वर करा, वारा असा असला तर इतकी कमी. "साहेब आकडा वराडायचा, आमी नळी फिरवायची. गोळा बरूबर तितंच. मी एकदा इचारलं, सायेब, ही आकडं कुणी काढली? म्हणला, विलायतंत प्रोफेसर लोक काढत्यात. तवाधरनं डोक्यात बसलंय बघ. त्यो माणूस आपल्या खोलीत बसून कसं काय सांगतो, माझा गोळा कुठं पडणार ते? मला त्ये बघायचंय."

मला उत्तर माहीत होतं. ती कोष्टकं ज्या रीतीने निघतात ती आमच्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात होती. मी सांगणारही होतो. पण तेवढ्यात दाखल्याची वेळ झाली.

परीक्षेला दीड महिना उरला तेव्हा मी जुन्या पत्रिका मिळवल्या आणि आम्ही घड्याळ लावून सोडवायला बसलो. पहिल्या खेपेला त्याची माझ्यापेक्षा दोन उदाहरणं जास्त बरोबर आली. दुसऱ्या खेपेलाही. त्याच आठवड्यात आण्णांनी जेवताना सांगितलं, की या वर्षी मुंबईला लागला तर ठीक, नाहीतर जून महिन्यापासून पेढीवर बसायचं. जागा मोजक्या होत्या. मी हिशेब मांडला असं म्हणणार नाही. माणूस असं मनाशी उघड बोलत नाही. एवढंच झालं, की पुढच्या रविवारी आम्ही इंटिग्रेशनच्या, म्हणजे त्या शेवटच्या प्रकरणापाशी आलो. हणमंताने पान उलटलं आणि मी म्हणालो, "हे सोडा. हे पेपरात येत नाही."

"लय पानं हाईत की रं?"

"आहेत, पण वरच्या वर्गासाठी आहेत."

"बरं, तू म्हणतोस तर ऱ्हावंदे," असं म्हणून त्याने पुस्तक मिटलं. क्षणभरही शंका घेतली नाही. ते प्रकरण मी एकट्याने केलं, सकाळी, तो यायच्या आधी.

देश स्वतंत्र व्हायच्या आधीचा तो उन्हाळा. मुंबईला आम्ही एकाच बाकावर बसून गेलो, एकाच डब्यातलं जेवलो. गणिताच्या पत्रिकेत सातवा प्रश्न होता, भरीव अर्धगोलाचा गुरुत्वमध्य काढा. मला तो अर्ध्या पानात आला. मान वर करून पाहिलं तर पुढे दोन रांगांवर हणमंत वाकून भराभर लिहीत होता. आकडेच आकडे. घंटा झाली तरी लिहीत होता. वही हातातून ओढून घ्यावी लागली.

बाहेर पायऱ्यांवर तो माझ्यासाठी थांबला होता. चेहरा घामाने भिजलेला, पण खुशीत. "मास्तर, त्यो सातवा! रीत ठावं नव्हती. मग म्हणलं, मुळा कापतो तसा कापावा. दहा चकत्या केल्या. हरएक चकतीचं वजन काढलं, ती मध्यापासनं किती लांब हाय त्ये बघितलं, आन सगळी बेरीज मारली. तासभर गेला, म्होरली दोन ऱ्हायली. पर उत्तर आलं. त्रिज्येचं आठ भाग केलं तर तीन भाग, जरासं वर. बरूबर हाय?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. अगदी बरोबर होतं. ज्या वाटेने ते सगळं शास्त्र निघालं, त्या वाटेने तो एकटा, तासाभरात, घामाघूम होऊन निम्म्याच्या पुढे गेला होता.

"तू कसं केलंस?"

"एक रीत आहे त्याला."

"रीत हाय व्हय." मग हळूच म्हणाला, "आपल्या पुस्तकात?"

मी खाली बघत म्हणालो, "शेवटच्या प्रकरणात."

पायऱ्यांवर पुष्कळ मुलं होती, गलका होता. त्याने माझ्याकडे पाहिलं असेल किंवा नसेल, मला माहीत नाही, कारण मी मान वर केली नाही. मग त्याचा आवाज आला, "बरं. चल, च्या पिऊ." आणि चहा पिताना तो मला मुंबईच्या दुमजली गाड्यांविषयी विचारत बसला.

यादीत माझं नाव होतं, त्याचं नव्हतं. मी मुंबईला निघालो त्या दिवशी तो पलूसहून मिरज स्टेशनवर आला. खिडकीशी उभा राहून म्हणाला, "ती कोष्टकं कशी काढत्यात त्येवढं शिकून ये आन मला सांग. आता घाई न्हाई." मी होय म्हणालो. पहिल्याच वर्षी ते शिकलो. सुट्टीत चार दिवस बसलो असतो तर त्याला सगळं सांगता आलं असतं. नाही बसलो. पुढे तो आपल्या गावी परतला आणि तिथून त्याची तीन पत्रं आली; मी एकाला उत्तर पाठवलं, तेही अभ्यास फार आहे एवढंच. गेल्या उन्हाळ्यात मी सांगलीला असताना तो पेढीवर आला. माडीच्या खिडकीतून मला त्याचं मुंडासं दिसलं, आणि मी आईला सांगितलं, मी मिरजेला गेलोय म्हणावं. तो ओट्यावर पाणी प्यायला, आईची चौकशी केली आणि गेला. खोकत होता, असं आई म्हणाली.

आता काय करायचं ते समजत नव्हतं, म्हणून मागल्या आठवड्यात मी त्याच्या गावी गेलो. सातारा रोडला उतरून मोटारीने वडूज, आणि पुढे पायी. घर दोन खणांचं. त्याची बायको जोंधळा निवडत होती. मी नाव सांगितलं तर म्हणाली, "मास्तर न्हवं तुमी? या, बसा भाऊजी." पाणी दिलं. मी ठरवून गेलो होतो, ते एका दमात सांगून टाकलं. पुस्तकाचं, प्रकरणाचं, मी काय म्हणालो त्याचं, मिरजेला गेल्याच्या थापेचंसुद्धा. तिला गणितातलं काय कळलं असेल, नसेल. ऐकून घेताना तिचा हात सुपातच होता.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "त्येनी सांगितलं हुतं, मुंबैहून आलं तवाच. मी लय शिव्या दिल्या तुमास्नी. तर म्हणलं, न्हाई गं, पोरगं हाय त्ये. भ्यालं आसंल." तिने सूप बाजूला ठेवलं. डोळे पुसून ती इतकंच म्हणाली, "तरीबी तुमी याया पायजे हुतं, भाऊजी. वाट बघायचं."

मी उठलो. दाराशी, भिंतीला, दोन काठ्यांची माणसाच्या उंचीची तिकोनी चौकट टेकवलेली होती. आडव्या पट्टीवर विळ्याने खाचा केलेल्या, शेंड्यापासून सुतळीला दगड लोंबत होता. उतारावर ताल, म्हणजे माती अडवणारे बांध, घालताना दोन जागा एका पातळीत आहेत की नाहीत, हे त्या दगडावरून कळतं. गावात त्याने सगळ्यांच्या रानाचे ताल या चौकटीनेच आखून दिले होते, असं तिने सांगितलं. आम्ही बोलतच होतो, तेवढ्यात एक म्हातारा शेतकरी अंगणात आला. न विचारता चौकट उचलली. "नेतो गं सूनबाई," म्हणाला. ती नुसती मान हलवून जोंधळ्याकडे वळली.

जाण्याआधी म्हाताऱ्याने अंगणातच चौकटीचे दोन्ही पाय जमिनीवर टेकवून पाहिले. दगड डावी-उजवीकडे हलत होता. मी विचारलं, "कुठं खूण करायची ते कळतं का बाबा?" त्याने वर न बघता हात आडवा केला. "थांबा जरा. दगूड उभा ऱ्हायल्याबिगर खूण करायची न्हाई, हणमंतानं सांगितलंया."

मग तो दोन्ही हातांनी काठ्या धरून उभा राहिला, आणि मीही त्याच्या शेजारी थांबलो.