ऑगस्टमधला धबधबा

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराच्या आमच्या ऑफिसातले काका शिंकायचे तेसुद्धा आधी ठरवून, असं आम्ही म्हणायचो आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. चाळिशी ओलांडलेला हा नागपूरचा माणूस आम्हा पोरसवदा इंजिनियरांत एकटाच वडीलधारा, म्हणून काका. भाजी आणायला निघाले तरी नकाशाचे छापील कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यायचे, आणि परतीचा रस्ता वेगळा छापायचे. का, तर "येताना डावं-उजवं बदलते ना बाप्पा." बायको आणि मुलगी सप्टेंबरात येणार होत्या, त्यांचे पलंग मे महिन्यापासूनच चादरी घालून तयार होते. आम्ही पोट धरधरून हसायचो.

२००१च्या ऑगस्टमध्ये त्यांनी जंगलातल्या एका धबधब्याची सहल आखली. नेमकं आदल्या दिवशी, शुक्रवारी, कंपनीने त्यांना कामावरून काढलं. व्हिसा त्या नोकरीवर टांगलेला, म्हणजे गाशा गुंडाळणं आलं. मी म्हटलं, "काका, ट्रिप कॅन्सल करू या." ते म्हणाले, "नको यार. घरी बसलो तर नागपूरला फोन करावा लागेल. तिला अजून सांगितलं नाही."

शनिवारी आम्ही दोघंच निघालो. डिकीत रेनकोट, टॉवेल, कपड्यांचे जादा जोड, शेवाळावर न घसरणाऱ्या चपला आणि कॅमेऱ्यासाठी मेणकापड. दोन तास ड्राइव्ह, तासभर चढण, आणि समोर काय, तर कोरडाठाक कातळ. मधोमध ओलीची एक रेघ होती, तिच्यावरून पाल सावकाश चालत गेली. ऑगस्टमध्ये धबधबे वाहतातच, हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं की इथला पाऊस हिवाळ्यात पडतो हे दोन वर्षं राहूनही दोघांच्या डोक्यात आलं नाही. एरवी यावरून मी त्यांना वर्षभर चिडवलं असतं. त्या दिवशी काका रेनकोट घालून तासभर त्या कातळासमोर बसून राहिले आणि मला त्यांचं फार वाईट वाटलं.

उतरल्यावर संध्याकाळी पेट्रोलपंपावरच्या फोनपाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. नागपुरात रविवार उजाडला होता. काच खाली होती, मला सगळं ऐकू येत होतं. "अगं, काय पाणी! उभं राहवत नव्हतं. चिंब भिजलो." पाच मिनिटं ते धबधब्याचं वर्णन करत होते. मग त्याच आवाजात म्हणाले, "तुमची तिकिटं कॅन्सल कर. नोकरी गेली माझी." त्यानंतर ते नुसतं ऐकत राहिले.

गाडीत येऊन बसले, पट्टा लावला.

"काय म्हणाल्या काकू?"

"म्हणते, मला तिकडे यायचंच नव्हतं मुळी." त्यांनी परतीच्या रस्त्याचा कागद पिशवीतून काढला. "सहा महिने झाले, क्लास लावून इंग्लिश शिकून राहिली होती."