पुजलेला कॉम्प्युटर सुरू करणारे सर

आदरणीय दशरथ सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त लिहायला बसले, पण गौरवाचे शब्द आज लिहवत नाहीत. सरांना खोटी स्तुती खपत नाही, म्हणून खरं तेच लिहिते.

सुरतेच्या पर्वत पाटियातल्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आमची पहिली भेट झाली. आयटीआयमधून निवृत्त झाल्यावर सरांनी कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, राबणाऱ्या कामगारांच्या मुलांसाठी तो काढला होता. मी कीबोर्डकडे हात नेताच त्यांनी एक बंद पडलेला कॉम्प्युटर आणि स्क्रू ड्रायव्हर पुढ्यात ठेवला. म्हणाले, "आधी त्याचं पोट बघ, बेटा. मग बटणं दाब."

आमच्या खानदेशी लोकांत खंडेनवमीला लूम पुजला की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही, असा नेम. पालकांनी क्लासमधले कॉम्प्युटरही तसेच पुजले. नेमकी त्याच दुपारी माझी नोकरीची ऑनलाइन परीक्षा होती. आई आडवी आली.

"पूजा करेल मशीन आज चालू करतस नही, सर. बरकत जाई."

"ताई, परीक्षा आजच शे. पाप लागी ते माले लागी."

सरांनी हळदीकुंकवाला हात जोडले आणि स्वतः बटण दाबलं. मी पास झाले, हजीऱ्याकडच्या एका कंपनीत नेटवर्क सांभाळायची नोकरी लागली. पुढे कंत्राट संपलं, तेव्हा काही न विचारता सरांनी मला क्लासमध्ये शिकवायला उभं केलं.

पण आज आमची मुलं सर्टिफिकेट घेऊन परत लूमवर जातात. कंपन्या म्हणतात, हे काम आता सॉफ्टवेअरच करतं. आमचं शिकवणं म्हणजे वरातीमागून घोडं. या वयात सर एकेका विद्यार्थ्यासाठी ओळखीपाळखीच्यांना फोन करतात, "पोरगी हुशार आहे, एकदा बघा तरी." पलीकडून फोन ठेवला जातो. मला ते बघवत नाही. संताप होतो, आणि तो कुणावर काढावा तेही कळत नाही.

यंदा खंडेनवमीला पालक फिरकले नाहीत. सरांनी आणि मीच कॉम्प्युटर पुजले. दसऱ्याच्या सकाळी ते सुरू करायला एकही विद्यार्थी आला नाही. सर बराच वेळ दाराकडे बघत बसले. मग उठून त्यांनीच एकेक बटण दाबलं. "बंद राहिले तर खराब होतील," म्हणाले.

सर, आपणांस निरोगी शंभर वर्षं लाभोत. हे मागण्यात माझा स्वार्थ आहे. आपण नसाल त्या सकाळी ती बटणं दाबायला माझा हात उचलला जाईल, असं मला वाटत नाही.