चांगुणाच्या घरची भांडी

पंच्याऐंशी साली मल्हारी बघायला आला तेव्हा सिंधू भालेरावने पोह्यांची बशी त्याच्या हातात दिली आणि विचारलं, "कणीक मळता येते का तुम्हाला?"

मल्हारीच्या मामांना ठसका लागला. सिंधूच्या आईने, लताबाईंनी, दाराआडून डोळे वटारले. मल्हारी छापखान्यात खिळे जुळवणारा सरळ माणूस. "येत नाही," म्हणाला, "पण शिकवाल तर शिकेन." लग्न ठरलं. लताबाई मात्र पुढे वर्षभर भेटेल त्याला सांगत राहिल्या, "लोकांच्या पोरी शाळेत जाऊन बिघडतात. आमची अध्यक्ष होऊन बिघडली."

सिंधू अध्यक्ष झाली ती अठ्ठ्याहत्तर साली, नववीत असताना. पंचवटीतल्या शाळेत आहेर सरांनी मानवसेवा मंडळ काढलं होतं. आहेर सर मूळचे सटाण्याचे, नागरिकशास्त्र शिकवायचे आणि त्यावर त्यांचा खरोखर विश्वास होता. असा मास्तर विरळा, आणि थोडा धोक्याचाही. मंडळात तीन पदं होती: अध्यक्ष, सचिव आणि पेटीप्रमुख. पेटी म्हणजे प्रथमोपचाराची. तिच्यात कापूस, आयोडिनची बाटली आणि एक कात्री होती. त्या कात्रीने कापूसही कापला जात नसे.

पदं गुणांवर द्यायची नाहीत, सेवेवर द्यायची, असा सरांचा नियम. प्रत्येकाला एक वही दिली. कुणाची सेवा केली की त्या माणसाची सही किंवा अंगठा वहीत घ्यायचा. दसऱ्यापर्यंत ज्याच्याकडे जास्त सह्या तो अध्यक्ष, त्याच्या खालचा सचिव. दिवाळीच्या सुट्टीत दोघांनी घोटीला पाच दिवसांच्या शिबिराला जायचं.

घोटी काही काश्मीर नव्हे. पण सिंधूने शिबिराला जाऊन आलेल्या एका मुलीकडून ऐकलं होतं की तिथे जेवायच्या वेळी नुसतं बसायचं असतं. ताट वाढून समोर येतं. भात संपला तर कुणीतरी विचारतं, अजून हवा का? हे वर्णन सिंधूने त्या मुलीकडून तीनदा ऐकून घेतलं.

कारण सिंधूच्या घरी ती बसलेली कुणी पाहिलीच नव्हती. वडील भिकन भालेराव ओझरच्या विमान कारखान्यात मदतनीस. विमानं बनवणाऱ्या माणसाच्या घरचा नळ मात्र चाळीच्या टोकाला होता. दोन भाऊ होते, त्यांचा मुख्य व्यवसाय जेवणं. सकाळी पाणी, मग भाकरी, मग शाळा, संध्याकाळी भांडी, असा सिंधूचा दिवस. सगळ्यांचं झालं की ती चुलीशी उकिडवी बसून उरलेलं खायची, तेही मध्ये दोनदा उठून.

"आई, मी घोटीला जाऊ?" तिने विचारलं.

"कशाला?"

"शिबिर आहे. अध्यक्ष आणि सचिव जातात."

"अध्यक्ष झालीस तर जा. निदान चाळीत सांगता तरी येईल. सचिव-बिचिव मला नाय कळत. आन् आत्ता ते पातेलं घे आधी."

म्हणजे दुसरा नंबर येऊन भागणार नव्हतं.

तिकडे वह्या मिळाल्यापासून पंचवटीतल्या म्हाताऱ्यांचं जिणं कठीण झालं होतं. कोर्टातल्या कारकुनाचा मुलगा रंगनाथ वर्गात पहिला यायचा, आणि आता सेवेतही पहिला यायला निघाला होता. तो खिशात अंगठ्याची शाई घेऊन फिरायचा. कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या शकुबाईंना त्याने एका दुपारी हाताला धरून रस्ता ओलांडून दिला.

"अरे मेल्या, माझी टोपली तिकडं हाय!"

"मग परत नेतो ना आजी," रंगनाथ म्हणाला, आणि दोन अंगठे घेतले.

गणपती बसले तेव्हा रंगनाथच्या सह्या होत्या एकतीस. सिंधूच्या सहा. तिला बाहेर जाऊन सेवा करायला वेळच मिळत नव्हता, घरी इतकी चालू होती. शेवटी तिने सरांना गाठलं.

"सर, घरचं पाणी भरलं तर धरता का?"

"नाही," सर म्हणाले. "आपल्या घरचं काम ही सेवा नव्हे. ते कर्तव्य."

"आणि दुसऱ्याच्या घरचं?"

"ती सेवा."

सरांनी हे बोलायला नको होतं.

चांगुणा सिंधूच्या बाकावर बसायची. तिचं नाव पणजीचं, काम पणजीइतकंच, आणि घर मागच्या गल्लीत. शेतीवाले लोक, गावाकडे द्राक्षं, इथे गल्लीत दोन खोल्या आणि मागे मोरी. घरी आजी साळूबाई आणि भांड्यांचा डोंगर. सिंधूने मधल्या सुट्टीत तिला बेत सांगितला.

"तू माझ्या घरची भांडी घासायची. मी तुझ्या घरची."

"त्याने काय होईल?"

"भांडी तितकीच. पण दोघींची सेवा होईल."

चांगुणा म्हणाली, "बाई गं, हे आधी का नाही सुचलं कुणाला?"

पहिल्या संध्याकाळी सिंधूने साळूबाईंच्या मोरीत बसून तासभर भांडी घासली. साळूबाईंनी अंगठा दिला. मग भालेरावांची पोर फाटकाबाहेर जायच्या आत त्यांनी सगळी भांडी पुन्हा पाण्यातून काढली. का, ते सिंधूला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या आजीने, आईने ते आयुष्यभर पाहिलं होतं. ती फाटकातून परत आली.

"आजी, तुम्ही पुन्हा धुतली, म्हणजे काम तुम्ही केलंत. मग माझी सेवा झाली नाही. अंगठा खोडावा लागेल. शाळेचा नियम आहे."

साळूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं, आणि कंबरेवर हात ठेवला. त्या कंबरेने चाळीस द्राक्षहंगाम काढले होते.

"न्हाई खोडायचा," त्या म्हणाल्या. "आता तशीच ठिवते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनच पेले विसळले, देवाचे म्हणून. आठवड्याने तेही राहिलं. दुखऱ्या कंबरेपुढे कुणाचाच सोवळेपणा फार दिवस टिकत नाही.

लताबाईंच्या घरी वेगळीच गंमत. परक्याची पोर मोरीत बसलेली, तिला "ते पातेलं घे आधी" कसं म्हणणार? लताबाई म्हणू लागल्या, "चांगुणा बाळा, जमलं तर तेवढं पातेलं." वर चहा. वर "दमलीस गं." सिंधू तिकडून भांडी घासून यायची आणि उंबऱ्यात उभी राहून हे ऐकायची. पंधरा वर्षांत तिला कुणी दमलीस म्हणालं नव्हतं. आता म्हणायच्या त्या साळूबाई, आणि त्याही कधीतरी, तोंड दुसरीकडे करून.

भांडी, मग पाणी, मग दळण. एकेका दिवसाचे तीन-तीन अंगठे. दसऱ्याला आठवडा उरला तेव्हा सिंधू एकसष्टवर होती, रंगनाथ बावन्नवर, आणि शकुबाईंनी टोपली दुसऱ्या चौकात हलवली होती.

रंगनाथ वकिली बोलण्यात बापाच्या वर. त्याने सरांसमोर सिंधूची आणि चांगुणाची वही शेजारी-शेजारी ठेवली. "सर, ही हिच्याकडे करते, ती तिच्याकडे करते. ही अदलाबदल झाली. सेवा कुठे झाली?"

सर चिडले की त्यांच्या तोंडी गावाकडची अहिराणी यायची. "हाई काय शे, भालेराव?"

"सर, तुम्हीच म्हणालात, दुसऱ्याच्या घरचं काम ती सेवा."

"पण तुझ्या घरचं ती करत होती!"

"तिच्यासाठी ते दुसऱ्याचंच घर आहे, सर."

सरांना हे उत्तर बरोबर वाटलं, म्हणूनच ते जास्त चिडले. लाल पेन काढलं आणि साळूबाईंचे पंचावन्न अंगठे एका रेघेत खोडले. सिंधू पुन्हा सहावर आली. चांगुणाच्या वहीतल्या लताबाईंच्या सह्याही गेल्या. घरी येऊन सिंधूने पीठ मळायला घेतलं. लताबाईंनी विचारलं, "चांगुणा का नाय आली?" आणि उत्तर ऐकून म्हणाल्या, "अरे देवा, कसली छान घासायची!"

चांगुणाने तिच्या घरी सांगितलं ते एवढंच: "आजी, सरांनी तुझे अंगठे खोडले. खोटे आहेत म्हणाले."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या घंटेलाच साळूबाई आहेर सरांच्या वर्गात उभ्या. नऊवारी, हातात काठी, मागे चांगुणा.

"मास्तर, माझा अंगठा खोटा?"

"आजी, बसा आधी."

"बसायला न्हाई आले. ह्यो अंगठा मी जमिनीच्या कागदावर दिला. सोसायटीत दिला. कलेक्टरच्या माणसानं बी खोटा म्हटला न्हाई, आन् तुम्ही लाल रेघ मारता?"

"खोटा नाही म्हणालो, आजी. पण ती अदलाबदल होती. तिने तुमची भांडी घासली, आणि तुमच्या नातीने तिच्या घरची..."

"माझ्या नातीनं?" साळूबाईंनी काठी आपटली. "माझी नात भालेरावाच्या घरची भांडी घासती? नीट बोला मास्तर. आमच्या घरात असलं चालत न्हाई. विचारा गल्लीत कुणालाबी."

गल्लीत कुणालाही विचारलं असतं तर सगळ्यांनी ते पाहिलेलं होतं. साळूबाईंनी स्वतः रोज संध्याकाळी तिला "लवकर ये गं" म्हणून पाठवलं होतं. पण पाहणं वेगळं आणि चार लोकांत कबूल करणं वेगळं. आहेर सर साळूबाईंच्याच समाजातले होते, त्यांना हा फरक आईच्या दुधातून मिळाला होता. भर वर्गात या म्हातारीला 'तुमची नात तिथे भांडी घासत होती' म्हणून परत सुनावायचं, तर उद्या पाहुण्यारावळ्यांत तोंड दाखवायची सोय उरली नसती.

सर चांगुणाकडे वळले. "तू सांग. गेली होतीस?"

चांगुणाने आजीकडे पाहिलं, मग सिंधूकडे. "नाही सर," ती म्हणाली. "आजी म्हणते तसंच."

तिच्या वहीचा तिथेच निकाल लागला. नंतर मधल्या सुट्टीत सिंधूने तिला विचारलं, "अगं, तुझ्या सगळ्या सह्या कायमच्या गेल्या की."

"जाऊ दे. मला कोण घोटीला पाठवतंय? तू जेवून ये आणि सांग."

आता राहिली एकतर्फी सेवा. अदलाबदलीचा दुसरा भाग कधी घडलाच नव्हता. सरांनी लाल रेघेखाली हिरव्या शाईने 'ग्राह्य' लिहिलं. साळूबाईंनी ते वाचता येत नसूनही नीट निरखून पाहिलं. जाताना सिंधूच्या बाकाशी थांबल्या. "संध्याकाळी ये," म्हणाल्या. "कढई पडलीया." सिंधू अध्यक्ष झाली, रंगनाथ सचिव. लताबाईंनी चाळीत साखर वाटली आणि धाकट्याला बजावलं, "बहीण अध्यक्ष हाय तुझी, चप्पल काढून बोल."

घोटीला पोचल्यावर शिबिराच्या प्रमुख सुमनबाईंनी सगळ्यांना मैदानात बसवलं आणि कामं वाटली. मुलांनी गावाचं गटार उकरायचं. मुलींनी साठ माणसांचा स्वयंपाक.

सिंधूला वाटलं, जमीन दुभंगली तरी चालेल. पंचावन्न अंगठे मिळवून, म्हातारीला शाळेत आणून ती पोचली होती ती एका जास्त मोठ्या चुलीशी. बाकीच्या शाळांच्या मुली पदर खोचून उठल्याही. सिंधू बसून राहिली.

"काय गं, उठ की," सुमनबाई म्हणाल्या.

"बाई, हा स्वयंपाक सेवा की कर्तव्य?"

"सेवाच की. अन्नदानासारखी दुसरी सेवा नाही."

"मग बाई, अध्यक्षाने सगळी सेवा एकट्याने लाटणं बरं दिसत नाही. आमच्या सचिवांना सेवेची फार आवड आहे. त्यांना संधी मिळावी. मी गटाराकडे जाते."

"मला येत नाही!" रंगनाथ ओरडला.

"मला तरी गटार कुठे येतं?"

सुमनबाईंना हसू आवरेना, आणि अन्नदानाबद्दलचं वाक्य परतही घेता येईना. त्यांनी रंगनाथला आत पाठवलं, न्याय दिसावा म्हणून आणखी चार मुलांना त्याच्यामागे. सिंधूने फावडं घेतलं. दुपारपर्यंत ती गुडघाभर चिखलात उभी होती, तळहाताला दोन फोड आले, आणि वासाने तर जीव नकोसा झाला.

मग पंगत बसली. सिंधू हात धुऊन मांडी घालून बसली. समोर ताट आलं, ते दुसऱ्याच कुणाच्या तरी हातातून. रंगनाथ पातेलं घेऊन वाढत होता. त्याच्या भुवईला पीठ लागलं होतं आणि एक बोट भाजलं होतं. घोटीचा नवा तांदूळ, चुलीवरून उतरलेला, पण खाली लागलेला आणि वर टचटचीत. आमटीत मीठ होतं की आमटी मिठात होती ते सांगणं कठीण.

सिंधू जेवत राहिली. मध्ये एकदाही उठली नाही. शेजारची मुलगी पाणी आणायला निघाली तर तिलाही हाताला धरून खाली बसवलं.

रंगनाथ दुसऱ्या फेरीला तिच्यासमोर आला. "कसा झालाय भात?" त्याने दबकत विचारलं.

"कच्चा आहे," सिंधू म्हणाली. "अजून वाढ."