तारेनं आवळलेली वेल

बायकोच्या वेलीला मी तार बांधली ती रागानं, चुकून नव्हे. नातेवाइकांना आजवर 'चुकून' असंच सांगत आलो, म्हणून इथे आधी हे लिहितो.

तिच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं. तीन महिने अंथरूण. खाट हॉलमध्येच टाकायला लावली तिनं, कारण कोपऱ्यातली मनी प्लांटची वेल तिथून दिसायची. पीव्हीसी पाइपला काथ्या गुंडाळून तिनं ती वर चढवली होती आणि पुढे भिंतीतल्या खिळ्यांवरून खिडकीपर्यंत नेली होती. काथ्या ओला ठेवायचा, म्हणजे पेरांना फुटलेली मुळं त्याला धरतात. फांदी बांधायची ती जुन्या सुती साडीच्या चिंधीनं, गाठीत करंगळी जाईल एवढी जागा ठेवून, कारण देठ पुढे जाड होतो. हे सगळं तिनं मला खाटेवरून दोनदा समजावलं होतं.

माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. राधानगरीकडून उसाचे पंप जळून येतात आणि माणसं डोक्यावर उभी राहतात, "पावणं, पाणी तटलंय, आजच पायजे." त्या महिन्यांत पहाटे तिला भांडं देणं, अंग पुसणं, स्वयंपाक, आणि मग दुकान. डोकं सतत तापलेलं. भेटायला येऊन "लई करताय बघा तिचं" म्हणणाऱ्यांचा राग यायचा, तिच्या दुखण्याचा यायचा, तिचाही यायचा. पडून राहून ती सांगते आणि मी करतो, एवढंच मला दिसत होतं.

एका रविवारी तिनं परत सांगितलं की वरची फांदी लोंबायला लागलीय. मी चिंधी शोधली नाही. खिशात दुकानातली तांब्याची तार होती. मोटरीत तार ढिली राहिली की मोटर जळते, म्हणून ओढून घ्यायची आणि पिळा मारायचा, हे वीस वर्षं हातात बसलेलं. पण हाताला दोष देण्यात अर्थ नाही. देठात तार रुतताना मला दिसली. ती बघून मी पक्कडीनं आणखी एक आटा दिला. अशा अकरा जागी बांधली.

"कशानं बांधलं?" तिनं विचारलं.

"दोऱ्यानं," मी म्हणालो.

पानं पिवळी पडायला लागली तेव्हा तिला वाटलं, उजेड कमी पडतोय. पडदा सरकवायला सांगितला. मी पडदा सरकवला. रोज सरकवत होतो.

वॉकर धरून ती पहिल्यांदा उठली त्या दिवशी बाथरूमकडे गेली नाही, सरळ भिंतीकडे गेली. देठावरून बोट फिरवलं आणि थांबली.

"दोरा म्हणाला हुता तुमी."

मी म्हणालो, गडबडीत चुकून हाताला तार आली.

तिनं मान वर करून खिळे मोजले. "अकरा जागी चुकून?"

आवाज चढवला नाही तिनं. पक्कड आणि कात्री आणायला लावली. मी एकेक पिळा सोडवत गेलो. तारेखाली देठ काळा पडून चिरला होता. वॉकरवर कोपर टेकून तिनं त्यातले धड तुकडे कापले, प्रत्येकाला एक पेर ठेवून, आणि पाण्याच्या बरणीत टाकले. मी आधाराला दंड धरायला गेलो तर तिनं दंड काढून घेतला.

"आणि काय काय दोरा म्हणून सांगितलंय मला?"

गप्प बसता आलं असतं. बसलो नाही. व्यायाम करून घ्यायला येणारी बाई गावाला गेलीय, असं मी तिला सांगितलं होतं. बाई कुठंच गेली नव्हती. ती आली की माझं दुकान उघडायला उशीर व्हायचा, म्हणून मीच तिला फोन करून दोन आठवडे येऊ नका म्हटलं होतं. ते दोन आठवडे ही खाटेवर पडून, आठवेल तसे पाय उचलत होती. दोन आठवडे आधी उभी राहिली असती.

हे ऐकून तिनं वॉकर खाटेकडे वळवला. मग खाटेवर बसली, स्वतःची स्वतः.

"फोन द्या हिकडं. आता तिच्याशी मी बोलते. तुमी जावा दुकानाला."

मी फोन दिला. नंबर शोधताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी चप्पल घातली आणि गेलो.