ताप येईल, असे आधी सांगणाऱ्या डॉक्टर

डॉ. मालती मॅडम साठ वर्षांच्या झाल्या. त्यांची आणि माझी पहिली भेट भांडणानेच झाली, आणि ते इथे लिहायला त्यांनी हसत परवानगी दिली आहे.

मी जव्हार तालुक्यात जामसरकडच्या पाड्यांवर आरोग्यसेविका होते आणि मॅडम आमच्या केंद्रावर नुकत्याच रुजू झाल्या होत्या. लसीकरणाला जमलेल्या आयांना त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले, “उद्या पोरांना ताप येईल.” अर्ध्या आया पोरे उचलून चालत्या झाल्या. “आता रिकाम्या बाकांना टोचा,” मी फणकाऱ्याने म्हणाले. त्या शांतपणे उत्तरल्या, “खोटं सांगून आणलेली आई दुसऱ्यांदा येत नाही.”

आणि खरोखरच, आमच्या एका पाड्यावरची जानी येत नव्हती. तापाचे मी तिला आधी काहीच सांगितले नव्हते; पहिल्या डोसानंतर बाळाला ताप आला आणि तिने दार लावून घेतले होते. त्यातच शेजारच्या पाड्यात डांग्या खोकला शिरला. तान्ह्या बाळाला तो खोकला म्हणजे जिवाशीच गाठ.

जानीकडे जायचे त्या दिवशी जीप मिळाली नाही, तर मॅडम चालत निघाल्या, मागोमाग मी. जानी ओट्यावर नाचणी पाखडत होती. मॅडम शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “पोराला मेलेला साप दाखवला, की पुढे जिता साप ते ओळखतं ना? लशीचं तसंच आहे. अंगात राखणदार असतात. त्यांना मेलेला रोग दाखवायचा. ते धावपळ करतात, म्हणून अंग तापतं. पण ओळख राहते.”

“मंग तीन येळा कशाला?” जानीने विचारले.

“तुझं पोर एकदा सांगून ऐकतं?”

जानी हसली, पण लगेच गंभीर झाली. “ताप आला तं मी कोनाकड जाव?”

“मी सकाळी येतेच आहे.”

बाळाला दुसरा डोस मिळाला आणि मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन खरेच गेल्या. पण त्या पोहोचण्याआधीच जानी तावातावाने वाटेत भेटली. “बाय, ताप आलाच नाय! सुई पान्याची व्हती काय?”

आम्ही पोट धरून हसलो. मॅडम मात्र रस्त्यातच बसल्या आणि समजावू लागल्या, की काही शरीरे गाजावाजा न करता शिकतात, ताप नाही म्हणजे लस वाया गेली असे नव्हे. तिसऱ्या डोसाला जानी न बोलावता आली. पुढे खोकला तिच्याही पाड्यात पोहोचला. तिचे बाळ सुखरूप राहिले. मला तेव्हा या बाईंच्या हाताखाली काम करते याचा केवढा अभिमान वाटला!

निवृत्तीनंतर मॅडम जव्हारलाच राहिल्या. गेल्या महिन्यात त्या सहज आमच्या लसीकरणाला आल्या. एक नवी आई कडेवरचे बाळ घट्ट धरून दाराशी अडली होती. मॅडम उठणार, तेवढ्यात पाड्यावरच्या आयांना घेऊन आलेली जानी तिच्यापाशी गेली. “ताप यील, नाय तं नाय बी येनार. घाबरलीस तं माझ्या घरा ये. मी हाय.” ती आई आत आली.

मॅडम पुन्हा बाकावर टेकल्या. काम नसताना एवढी खूश झालेली डॉक्टर मी दुसरी पाहिली नाही.

मॅडम, आपणांस उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि जव्हार-मोखाड्याच्या प्रत्येक पाड्यावर आपल्याला असेच बिनकामाचे बसायला मिळो.